कोपराखाली चार बोटं

जोमा गवंडी घरात आला की आधी पुरुषांना बाहेर काढायचा. घर वकिलाचं असो की वाण्याचं, तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभा राहून म्हणायचा, "गडीमानसांनी पडवीत बसा. आमचं काम बायांशी हाय." आणि ज्यांच्यापुढे घरात चकार शब्द काढायची कुणाची टाप नव्हती, असले पुरुष निमूट उठून पडवीत जाऊन बसत. माझे सासरे तर गडबडीत चष्मा आतच विसरून गेले होते आणि अर्धा तास नुसतंच वर्तमानपत्र धरून बसले होते.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. पनवेलच्या बायका मुंबईला नातेवाइकांकडे जाऊन येत आणि सांगत की तिकडे आता कुणी बसून स्वयंपाक करत नाही, उभ्याचा ओटा असतो, वर फरशी, त्यावर शेगडी नाहीतर स्टोव्ह, कंबर म्हणून दुखत नाही. मग एकेका घरात ओट्याचा हट्ट सुरू झाला. सिमेंट परमिटाशिवाय मिळत नव्हतं. पण चुन्यात काम करणारा जोमा होता. तो कामोठ्याचा. कामोठं म्हणजे तेव्हा खाडीकडेचं लहानसं गाव, पनवेलहून बांधाबांधाने चालत जायचं. जोमा रोज सकाळी तसाच चालत यायचा, खांद्याला थैली, हातात सागवानाची एक काठी. काळासावळा, काटकुळा माणूस. चुन्याने बोटांना कायमच्या भेगा पडलेल्या. आवाज मात्र इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे.

आमच्याकडे तो आला तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पुरुष बाहेर गेल्यावर तो मला म्हणाला, "वयनी, भितीला लागून उब्या ऱ्हा. आता कनीक मला."

"कुठली कणीक?"

"नाय ती. मनातली."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी तोंडाला पदर लावला होता, हसू आवरायला की राग आवरायला ते कळेना. शेवटी मी डोळे मिटून हवेत कणीक मळायला लागले. जोमा माझ्याकडे पाहतच नव्हता, फक्त कोपराकडे पाहत होता. मग त्याने माझ्या कोपराखाली, अंगाला न लावता, आपली चार बोटं आडवी धरली आणि बोटांच्या खाली भिंतीवर कोळशाने रेघ ओढली. "कोपराखाली चार बोटं. ह्यो तुमचा वटा."

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "माप माझं घे. या घरात स्वयंपाक मी करते."

"आनि ह्या?"

"ती शिकतेय."

जोमाने त्यांचंही माप घेतलं. त्या माझ्यापेक्षा बुटक्या. दोन रेघांमध्ये चांगलं चार बोटांचं अंतर पडलं. तो बराच वेळ त्या रेघांकडे बघत बसला, मग म्हणाला, "दोगींचा बांदतो." आणि खरोखरच त्याने दोन उंच्यांचा ओटा बांधला. डावा भाग सासूबाईंचा, उजवा माझा, मध्ये चार बोटांची पायरी. गल्लीतल्या बायका तो बघायला येत. सासरे म्हणाले, "झाली म्हणायची घरात वाटणी." माझ्या बाजूचं उतू गेलेलं दूध त्यांच्या बाजूला वाहत जाई, तेवढं सोडलं तर त्या ओट्यावर आमचं भांडण कधी झालं नाही. त्याआधी मात्र रोज होत असे.

ओटा बांधायचं काम चार दिवसांचं, पण जोमा घराला चार गोष्टी शिकवून जायचा. आल्या आल्या तो उदबत्ती मागायचा. देवासाठी नव्हे. ती स्वयंपाकघराच्या मधोमध धरून धूर कुठे जातो ते बघत राहायचा आणि मग सांगायचा, खिडकी हितं पायजे, तितं नको. मांडणीवर सामान कसं लावावं यावर त्याची मतं ठाम होती. बायकांना उभं करून विचारायचा, "हात पोचतो का?" टाचा उचलाव्या लागल्या की फळी खाली. वाकावं लागलं की फळी वर. रोज लागणारे डबे डोळ्यांच्या खाली, लोणच्याच्या जड बरण्या जमिनीजवळ, आणि वर्षातून एकदा निघणारी पातेली पार वर. खोकी फोडून त्यांची फडताळं करायलाही त्यानेच शिकवलं. नवं लाकूड आणायला निघालेल्या माझ्या नवऱ्याला त्याने अडवलं होतं. "घरात आदी काय परलंय ते बगा, मंग बाजारात जावा." आज घर लावण्यावर मासिकांतून रकानेच्या रकाने छापून येतात. मी ते वाचते आणि मला वाटतं, हे सगळं आम्हाला एका निरक्षर माणसाने उदबत्ती हातात घेऊन सांगितलं होतं.

आणि तरीही त्याचा चहाचा कप आमच्याकडे वेगळा होता. मागच्या दारी कोनाड्यात उपडा घातलेला. तो स्वतःच घ्यायचा, पिऊन झाल्यावर स्वतःच विसळून ठेवायचा. लिहायला लाज वाटते, पण होतं ते असं होतं.

दिवाळीच्या आधी तो सफेदीची कामं घेई. समोरच्या डॉक्टरांच्या बायकोला आम्ही डॉक्टरीणबाई म्हणायचो. मोठी हौशी बाई. एका दिवाळीला त्यांनी सफेदीसाठी सगळं घर एकदम बाहेर काढलं. गाद्या, पेट्या, आरसे, डॉक्टरांची पुस्तकं, सगळं अंगणात. जोमा सांगत होता की थोडं थोडं काढा, पण त्यांना सगळं एका दिवसात लखलखीत हवं होतं. दुपारी अवकाळी पाऊस आला. बघता बघता अंगणात तळं. सगळी गल्ली गाद्या ओढायला धावली. डॉक्टरीणबाई ओल्या गादीवर बसून रडायलाच लागल्या. जोमाने डोक्यावरचं टोपलं बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "बाय, सन तुमच्यासाटी हाय, का तुमी सनासाटी?"

त्याने मग एक युक्ती सांगितली. एका दिवाळीला एकच खोली. यंदा माजघर, पुढच्या वर्षी स्वयंपाकघर, तिसऱ्या वर्षी ओसरी. बाकीच्यांना नुसता झाडूचा हात. गल्लीने ते इतकं उचललं की आमच्याकडे वर्षं खोल्यांवरून मोजायला लागले. माझी मोठी मुलगी झाली ते माजघराचं वर्ष.

पुढे त्याची मजल फराळापर्यंत गेली. आमच्या अंगणात चुना कालवता कालवता तो सासूबाईंना म्हणाला, "आई, ह्या आलीत आठ घरं. आठी घरांत आठी जिन्नस करायचे कनाला? एकानी एक करा, वाटून घ्या."

सासूबाई कडाडल्या. "आता फराळाचंही माप घे तू माझ्या."

"घेतो की. मागल्या दिवालीला तुमी मना चकली दिली, तवा तुमच्या हाताला फोड व्हता. डोलं मिटत व्हतं. तुमी सोता खाल्ली का?"

सासूबाई हात पदरात घेऊन आत गेल्या. पण त्या वर्षी गल्लीत फराळ वाटून केला गेला. चकल्या आमच्याकडे, कारण सासूबाईंना दुसऱ्या कुणाची चकली चालली नसती. पाडव्याच्या दुपारी त्या पाय पसरून अंगणात बसल्या होत्या आणि पान लावत होत्या. सणाच्या दिवशी त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. त्यांनाही ते नवं असावं, कारण दोनदा उठून त्या आत काही राहिलंय का बघून आल्या.

त्याच्या त्या सागवानी काठीविषयी सांगायचं राहिलं. तिच्यावर खाचा होत्या. ज्या ज्या बाईसाठी ओटा बांधला तिच्या मापाला एक खाच, आणि शेजारी ओळखीसाठी काहीतरी खूण. डॉक्टरीणबाईंची खाच म्हणजे शेजारी एक फुली. आमच्या दोन खाचा एका उभ्या रेघेने जोडलेल्या. एका ठिकाणी तर खाचांची गर्दीच होती, कारण पनवेलच्या बऱ्याच बायका त्याच उंचीच्या निघाल्या. त्या एका उंचीला तो "पनवेल" म्हणायचा. मी एकदा ती काठी हातात घेऊन विचारलं, "जोमादादा, यात तुमच्या घरचं माप कुठलं?"

त्याने काठी माझ्या हातातून हळूच काढून घेतली. "तिचं नाय."

"का हो?"

"घरचीच हाय ना. कवा पन घेता येल."

त्याची बायको नागूबाय. माहेर उरणकडे, द्रोणागिरीच्या पायथ्याचं, भाऊ मिठागरावर. मी तिला एकदाच पाहिलं, पनवेलच्या बाजारात. ठेंगणी, जरा वाकलेली, खोकत होती. डॉक्टरीणबाई माझ्याबरोबर होत्या. त्यांनी मोठ्या कौतुकाने तिला सांगितलं, "तुझ्या नवऱ्याने काय ओटा बांधलाय माझा. तीनतीनदा माप घेतलं हो. आता कंबर म्हणून दुखत नाही." नागूबाय ऐकत राहिली. मग म्हणाली, "बरा झाला, बाय." आणि टोपली उचलून चालायला लागली. डॉक्टरीणबाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. माझ्याही मनात तेव्हा काही आलं नाही.

आठ दिवसांनी कळलं की नागूबाय भावाकडे निघून गेली. दरवर्षी ती जोमाकडे ओटा मागायची आणि तो म्हणायचा, ह्या पावसाल्यानंतर. घरात धुराडं नाही, चूल जमिनीत, आणि ही बाई वीस वर्षं त्या धुरात वाकून बसलेली. जाताना भांडली नाही. उंबऱ्याशी एवढंच म्हणाली, "जवा माजा हात पोचल, तवा ईन." त्याचंच वाक्य त्याला देऊन गेली.

हे त्यानेच मागच्या दारी बसून सांगितलं. सासूबाईंनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. "अरे, गावभर ओटे बांधत हिंडतोस आणि घरच्या बाईला चूल फुंकायला लावतोस? जा, आधी तिचा ओटा बांध, मग आमच्याकडे तोंड दाखव." जोमा मान खाली घालून गेला तो महिनाभर पनवेलात दिसलाच नाही. त्या महिन्यात वकिलांकडचं अर्धं काम तसंच पडून होतं.

दिवाळीच्या पाडव्याला ये म्हणून त्याने मेव्हण्याकडून निरोप धाडला. नागूबाय आली. दुसऱ्या दिवशी सकाळी जोमा आमच्या मागच्या दारी येऊन बसला. कप कोनाड्यात तसाच. मी विचारलं, "आल्या का वहिनी?"

"आली. गेली."

त्याने ओटा उत्तम बांधला होता. वर शहाबादी फरशी, धुराला वाट, शेजारी मांडणी. नागूबाय आत आली आणि ओट्यासमोर उभी राहिली. फरशी तिच्या बरगड्यांना लागत होती. तिने हात वर ठेवून पाहिला, खांदा उचलला गेला. मग तिने विचारलं, "ह्यो कोना बाईचा?"

नागूबाय घरात नव्हती म्हणून त्याने माप अंदाजाने धरलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने समोर बाई उभी न करता ओटा बांधला, आणि सवयीचा हात काठीवरच्या गर्दीच्या खाचेवर पडला. नागूबायला त्याने पनवेलचा ओटा बांधून दिला होता. तिने माठातलं पाणी घेतलं, पदराने तोंड पुसलं आणि दुपारच्या एस्टीने परत गेली.

"मग मोड आणि परत बांध," सासूबाई आतून म्हणाल्या.

"कोनाच्या मापानं?" जोमा म्हणाला. तो भेगाळलेल्या बोटांकडे बघत होता. "आई, ह्या आलीतल्या समद्या बायांचं कोपर मना झोपंत सांगता येल. वीस वरसं ती माज्या घरात व्हती. तिचं कोपर कवडं, मना आटवत नाय."

सासूबाई आतून बाहेर आल्या. त्यांच्या हातात चहा होता, घरातल्या कपात. तो त्यांनी त्याच्यापुढे ठेवला आणि आत गेल्या. त्या दिवसानंतर कोनाड्यातला कप कुठे गेला ते मी कधी विचारलं नाही.

त्यानंतर जोमा विचित्र वागायला लागला. जिथे काम असेल तिथल्या बायकांना म्हणायचा, भिंतीशी उभ्या राहा आणि हात वर करा, जेवढा पोचेल तेवढा. मग बोटांच्या टोकाशी एक रेघ, ओट्याच्या मापाला दुसरी, आणि दोन्हींमधलं अंतर सुतळीने मोजायचा. माझं घेतलं, सासूबाईंचं घेतलं, डॉक्टरीणबाईंचं घेतलं. गल्लीत कुजबुज झाली की बायको गेल्यापासून जोमाचं डोकं फिरलं. सासऱ्यांनी तर मला एकटीने त्याच्यासमोर उभं राहू नकोस म्हणून बजावलं.

महिन्याभराने त्याने सांगितलं. कामोठ्याच्या घराची आतली भिंत मातीची होती आणि ती नागूबाय दर सणाला हाताने सारवायची. ओल्या मातीत तिच्या बोटांच्या कमानी उमटलेल्या, एकाशेजारी एक, पार या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. वर जिथे हात पोचत नसे तिथे सारवण थांबलेलं. गावभर सफेदी करणाऱ्या त्या माणसाने घरची ती भिंत कधी पांढरी केली नव्हती, आळसाने म्हणा किंवा वेळ नव्हता म्हणून. आता तिथेच त्याला नागूबायचं माप सापडलं होतं. हात वर केल्यावर कुठवर पोचतो ते भिंत सांगत होती. तिथून खाली कोपर कुठे येईल ते पनवेलच्या बायकांकडून तो शिकत होता.

मला तेव्हा एकदम रडू आलं. मी सुनेच्या रीतीने आत निघून गेले आणि डबे पुसत बसले. कुणी मला शोधण्यासाठी भिंत वाचेल असं मला तेव्हा वाटत नव्हतं, आताही वाटत नाही.

त्याने पहिला ओटा फोडला आणि भिंतीच्या हिशेबाने दुसरा बांधला. या वेळी तिला बोलावलं नाही. जमिनीपासून ओट्यापर्यंतच्या उंचीची सुतळी कापली, वरच्या टोकाला गाठ मारली आणि मेव्हण्याच्या हाती पाठवली. निरोप एवढाच, की ही पायाशी धर आणि गाठ कोपराखाली चार बोटांवर येते का बघ. मग तो थांबला. पौष गेला, माघ गेला. पनवेलात तो कामं करत होता, मापं घेत होता, पण उरणची एस्टी येण्याच्या वेळेला हातातली थापी ठेवून नाक्यावर जाऊन उभा राहायचा. डॉक्टरीणबाई त्याला पाहिलं की दुसऱ्या रस्त्याने जात.

फाल्गुनात माझ्या नवऱ्याची बदली झाली. दोन उंच्यांचा ओटा सोडून जायचं होतं. आवराआवरीतच कळलं की जोमा आठवडाभर कामावर आलेला नाही. सासूबाईंनी त्याच्यासाठी चकल्या बांधून दिल्या, दिवाळी नसताना, आणि मी नवऱ्याला घेऊन बांधावरून चालत कामोठ्याला गेले.

जोमा घरातच होता. ओट्याला हात लावू नका, असं त्याने मला आधीच सांगितलं, कारण चुना ओला होता. मी पाहिलं तर फरशीखालचा एक थर नव्याने काढलेला आणि फरशी पुन्हा बसवलेली.

"परत फोडलात?"

त्याने कनवटीची सुतळी काढली आणि माझ्या हातात दिली. तिला दोन गाठी होत्या. एक त्याची, टोकाला. दुसरी तिच्याखाली दोन बोटांवर, घट्ट आणि बारीक, बाईच्या हाताची.

"सुतली परत आली," तो म्हणाला. "परवा मेवना घेऊन आला. निरोप नाय, काय नाय. निस्ती गाठ."

"म्हणजे भिंतीचं माप चुकलं?"

"भित बराबर हाय, वयनी. भित जुनी हाय." त्याने सारवलेल्या कमानींकडे पाहिलं. "ती सारवायची तवा सरल व्हती. आता दोन बोटं वाकली. माज्या घरात."

मी मान वळवली. कोपऱ्यात जमिनीवर तीन दगडांची चूल होती, तिथे त्याचं मडकं होतं, धुराने भिंत काळी. इतके महिने तो तिथेच वाकून बसून भात शिजवत होता.

"वयनी, जरा उब्या ऱ्हावा. हात नका लावू. पोचतो का सांगा."

मी ओट्यासमोर उभी राहिले आणि हवेत कणीक मळली. माझा नवरा आपण होऊन बाहेर गेला होता.

"मला वाकावं लागतंय, जोमादादा. खूपच खाली आहे."

त्याचा चेहरा असा उजळला की तो मला अजून दिसतो. "तुमाला नाय ना जमत? मंग बराबर हाय."

नागूबायही आता मिठागरावर जात होती, आणि मिठाचा हंगाम पावसापर्यंत चालतो. तो संपल्याशिवाय भाऊ तिला सोडणार नाही, आणि ती येणार की नाही हे गाठीत लिहिलेलं नव्हतं. मी त्याला ते विचारलं नाही. आम्ही निघालो आणि पुढे पनवेलला जाणं झालं ते फार उशिरा, सासूबाई गेल्यावर. तेव्हा कामोठ्याला जायचं मी टाळलं. मुद्दाम टाळलं. पुढे सरकारी घरांमधून राहिले, तिथले ओटे कुणाच्याच कोपराचे नव्हते, आणि प्रत्येक ओट्याशी पहिल्या दिवशी उभी राहिले की मला जोमाची इतकी आठवण यायची की हातातलं काम थांबायचं. नागूबाय त्या ओट्याशी उभी राहिली असेल, असं मी अजून स्वतःला सांगते.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते बांधावर वळताना, उघड्या दारातून. चुना पक्का व्हायला पाणी मारावं लागतं, दिवसातून तीनदा, नाहीतर तडे जातात. जोमा ओट्यासमोर उभा होता. डाव्या हातात तांब्या होता आणि उजव्या हाताने तो फरशीच्या कडेला थोडं थोडं पाणी शिंपत होता. त्या उंचीला हात पोचावा म्हणून तो दोन बोटं वाकला होता.